काटा एकशेसाठवर

९ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग घालायला गुडघा राजी नाही, तेव्हा खुर्चीतूनच केलेला नमस्कार गोड मानून घे.

एक अत्यंत गंभीर बाब तुझ्या कानावर घालायची आहे. क्लबच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला माझा पांढरा मग तुला आठवत असेल. कान उडालेला, पण शीलवान. एकोणीस वर्षांत त्यात चहाखेरीज दुसरं काही पडलेलं नाही. काल कोणीतरी त्यात इंजिनाच्या सिलिंडरचं तेल निथळत ठेवलं. ते तेल तुला माहीत आहेच: काळपट हिरवं, मधासारखं दाट, वास जळक्या चरबीचा. मी न बघता वर चहा ओतला. चहावर इंद्रधनुष्य उमटलं. कवी वगैरे शिकवून शिकवून माझी बुद्धी अशी झाली आहे की मी आधी त्याचं सौंदर्य पाहिलं आणि मग घोट घेतला.

चौकशी केली. आठ साक्षीदार निघाले आणि आरोपी एकही नाही. शेवटी तेल स्वयंभू मानावं असं ठरलं आणि सगळे आपापल्या इंजिनाकडे वळले. मी मग घासला, उकळला, टाकणखाराने चोळला. तरी त्यातून चहा पिताना एखाद्या इंजिनाचं उष्टं पितोय असं वाटतं.

मगाचं सोड. हल्ली तिकडे गेलं की एकूणच शिसारी येते. बागेतल्या टाकीमागचा आपला रूळ तोच आहे, अडीचशे मीटरचा वेढा, दोन रुळांत पाच इंचांचं अंतर. गुडघ्याएवढी इंजिनं अजूनही खरा कोळसा खातात, खरी वाफ सोडतात आणि रविवारी पोरांनी भरलेले डबे ओढतात. तुला हे सांगायची गरज नाही. पण क्लबात जे नवे येतात त्यांना हे सांगावं लागतं, आणि सांगूनही त्यांना त्यात रस नसतो. एक गृहस्थ आहेत, त्यांना मी मनात शोकेस म्हणतो. अकरा इंजिनं, एकालाही कधी काडी लावलेली नाही. धुराड्यांत कापसाचे बोळे. रविवारी मखमलीच्या पेटीतून एखादं आणतात, चार लोकांना दाखवतात आणि झोपलेल्या बाळासारखं परत नेतात. दुसरा एक जण काजळी ब्रशने रंगवतो. इंजिन दिवाणखान्यात बसल्या बसल्या काळं होतं.

गेल्या रविवारी अध्यक्षांनी मला कोपऱ्यात घेतलं. खांद्यावर हात ठेवून बोलणारा माणूस मला मुळातच सहन होत नाही, आणि यांचा हात घामट असतो. शोकेसच्या एका इंजिनाला या वर्षीचा बॉयलरचा कागद हवा होता. अध्यक्ष म्हणाले की पाणीबिणी भरू नका, रंगावर ओघळ पडतील, सहीच तर करायची आहे.

गाव सोडताना भावोजींनी हातपंप आणि प्रेशर गेज माझ्या हवाली केलं तेव्हा नियमही दिले होते. बॉयलर ज्या दाबावर चालतो त्याच्या दुप्पट दाबाने गार पाणी भरायचं, ऐंशीवर चालत असेल तर एकशेसाठ पौंड. दहा मिनिटं काटा हलता कामा नये. आणि चाचणी चालू असताना मालक शेडबाहेर उभा. आत मालकाचा चेहरा दिसला की पंप मारणाऱ्याचा हात ढिला पडतो, असं त्यांचं मत. मी शोकेसना बाहेर काढलं, दार लावलं आणि दहाऐवजी अर्धा तास दाब धरला. एक थेंबही आला नाही. मला फार वाईट वाटलं.

भावोजींचं नवं इंजिन कुठवर आलं? मार्चच्या पहिल्या रविवारी रुळाला पंचवीस वर्षं होतील. पहिला फेरा त्यांनीच मारायचा, हे मी क्लबकडून वदवून घेतलं आहे. आणि ते स्वतः का लिहीत नाहीत? त्यांच्या हातची ओळ येऊन दोन वर्षं झाली. रागावले असतील तर कारण कळवावं. मी सुधारणार नाही, पण माहीत असावं.

तुझा तेलकट धाकटा भाऊ,
पंडित

२० जानेवारी

पंडित,

तुझं पत्र पोचलं. मगाला माझी सहानुभूती कळव.

ते लिहीत नाहीत यात राग नाही. हात सदा तेलात असतात आणि कागदाला डाग लागलेला त्यांना खपत नाही. तुझी पत्रं मी वाचून दाखवते, ते कानस चालवत ऐकतात आणि हसायच्या जागी कानस थांबते. फोन का करत नाहीस असं विचारू नकोस. लेकीच्या या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळ्यांच्या मालकीचं होतं. पत्र बरं.

त्यांचं टेबल बाल्कनीत मांडलंय. एका टोकाला शेगडा, दुसऱ्या टोकाला माझी तुळस होती, ती आता जिन्यात आहे. गॅसची ज्वाळा पेटली की खालच्या बाई वर येतात. परवा त्यांनी विचारलं, तुम्ही बाल्कनीत जाळता तरी काय? मी म्हटलं, निवृत्तीचे दिवस. लेक काही बोलत नाही, जावई तर मुळीच नाही. ते न बोलणं मला नीट ऐकू येतं.

मला मात्र बढती मिळाली आहे. तीस वर्षं लोकांच्या हाडांचे फोटो काढले, आता हाताखालची कारागीर झाले. हत्यार देते, दिवा धरते, तांबं तापवताना रंग कुठवर आला ते सांगते. तुम्हा लोकांच्या या छंदाला मी इतकी वर्षं नावं ठेवली, त्याची ही शिक्षा असावी.

इंजिन झालं आहे. रंग नाही दिला, तांबं तसंच उघडं आहे. येत्या आठवड्यात खोक्यात बांधून मालवाहू गाडीने पाठवतोय. हे शेवटचं असं ते म्हणतात. मागच्या वेळीही म्हणाले होते, पण तेव्हा हसत म्हणाले होते.

तुझ्यासाठी चिठ्ठी जोडली आहे. ती त्यांनी स्वतः लिहिली आहे, म्हणजे तुझी तक्रार मिटेल.

ताई

(सोबतची चिठ्ठी, जाड मार्करने)

पंडित. पत्रा चढवलेला नाही, वेगळा बांधलाय. उघड्या बॉयलरवर चाचणी घे. एकशेसाठ. दहा मिनिटं. दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नकोस.

११ फेब्रुवारी

ती. ताई आणि भावोजींस,

दोघांना मिळून एकच नमस्कार, वाटून घ्या.

चिठ्ठी मिळाली. अक्षरं एवढी मोठी की मला ती आधी रस्ता बंद असल्याची पाटी वाटली. एका पानावर जेमतेम पाच ओळी. माणसाला आपल्या शब्दांचं वजन कळलं की अक्षर असं होतं. माझे विभागप्रमुख निवृत्तीच्या वर्षी असंच लिहायचे.

इंजिन सुखरूप आलं. खोकं उघडलं आणि हातातला चहा मी गार होऊ दिला, ही घटना क्लबच्या इतिवृत्तात नोंदवायला हवी. तांब्याचा तो पिंड, ती सहा चाकं, धुराड्याचा तो ओठ. फक्त एक गोष्ट पाहून मला गंमत वाटली. भावोजींच्या इंजिनांवरच्या स्क्रूंच्या खाचा सगळ्या एका रेषेत असायच्या, जशा पलटणीतल्या टोप्या. या वेळी डाव्या बाजूच्या खाचा मनाला येईल तशा आहेत. या वयात तरी थोडे बेशिस्त झालात, बरं वाटलं.

पुढचं सांगताना हात धुवावेसे वाटतात. खोकं उघडल्याचा वास कुठून लागतो कोण जाणे, शोकेस हजर. त्यांनी हातमोजा काढला आणि बॉयलरच्या पाठीवरून बोट फिरवलं. नागड्या तांब्यावर त्या बोटाचा ओलसर ठसा उमटला, मी तीनदा पुसला तरी तो तिथेच आहे असं मला वाटत राहिलं. मग त्यांनी विचारलं की अजून विस्तव लावला नाही ना? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, लावू नका, मला द्या, मला कोरं हवं. कोरं हा शब्द ते असा उच्चारतात की भल्या माणसाने खिडकी उघडावी. अध्यक्ष मागे उभे राहून मान डोलवत होते. त्यांना वाटतं की असं इंजिन क्लबच्या काचेच्या कपाटात शोभेल आणि पंचविशीच्या फोटोत त्याच्या मागे ते स्वतः शोभतील. मी सगळ्यांना बाहेर काढलं.

चाचणी काल सकाळी झाली. भावोजी, काटा एकशेसाठवर. कागदावर सही केली, शिक्का मारला, पत्रा चढवला.

रविवारी हलका विस्तव लावून चालवून बघतो. रूळही धुवायचा आहे. परवा कोणीतरी त्यावर चघळलेलं च्युइंगगम चिकटवून गेलं. ते मी नखाने काढलं आणि मनुष्यजातीबद्दल जे काही चांगलं मत उरलं होतं तेही त्याबरोबर निघालं.

पंडित

१६ फेब्रुवारी

पंडित,

तुझ्या पत्रातली ती ओळ त्यांनी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली. काटा एकशेसाठवर. मग जेवायला बसले आणि भाजीत मीठ कमी असल्याचं बोलले. दोन महिन्यांत ते जेवणाबद्दल पहिल्यांदा काही बोलले, म्हणून मला भरून आलं आणि मी मीठ वाढलं.

त्यांचे प्रश्न पाठवते, उत्तर दे. दहा मिनिटांत काटा किती उतरला? नळ्यांच्या टोकांना ओल होती का? भट्टीच्या तळाची चौकट नीट पाहिलीस का, विशेषतः मागचा कोपरा? ते म्हणाले, पंडित च्युइंगगमवर अर्धा परिच्छेद लिहितो आणि चाचणीवर एक ओळ. मी म्हटलं, तो तसाच आहे.

आम्ही २८ तारखेला, शनिवारी येतो. लेक सोबत येणार आहे. रविवारी इंजिन तेच चालवणार, तेव्हा त्यांच्या जुन्या उशीची सोय कर.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,

उशी सापडली. तिच्यात उंदरांनी संसार थाटला होता, त्यांना घर बदलायला लावलं आहे.

भावोजींना सांग की काळजीचं काही नाही. काटा जागचा हलला नाही. गेल्या रविवारी इंजिन पहिल्यांदा पेटवलं, सतरा पोरांना घेऊन फिरलं, एकदाही कण्हलं नाही. वाफेचा आवाज असा की शेजारच्या बाकावर पेपर वाचणारे आजोबा पेपर खाली ठेवून बसले. थांबल्यावर पत्र्याखालून पांढरा ओघळ आलेला दिसला, बोटभर. प्रवासात खोक्यात कुठे पाणी राहिलं असेल. पुसून टाकला.

इकडे पंचविशीच्या नावाने जे चाललंय ते पाहवत नाही. अध्यक्षांनी फलक रंगवून घेतला आहे. त्यावर रुळापेक्षा त्यांचं नाव लांब आहे. शेडला आतून गुलाबी रंग दिला. गुलाबी. कोळशाच्या शेडला. त्या ओल्या रंगावर कोळशाची पूड बसून भिंत कातडीच्या रोगासारखी दिसते. पाहुण्यांना घाण वास येऊ नये म्हणून कोणीतरी सुगंधी फवारा आणला आहे, आणि तो तेलाच्या वासात मिसळून जे तयार होतं त्याला संस्कृतात शब्द नाही. मी शोधून पाहिला.

गेल्या आठवड्यात तीन जणांनी मला विचारलं की शोकेसच्या इंजिनाला मी अर्धा तास का छळलं. मी म्हटलं, नियम. हा शब्द तोंडात आला की मला हल्ली फार बरं वाटतं.

लवकर या.

पंडित

२३ फेब्रुवारी

पंडित,

हे पत्र फक्त तुझ्यासाठी. मी जिन्यात बसून लिहितेय.

त्यांना दिसत नाही. दीड वर्ष झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मधला भाग गेलाय, कडेचं दिसत राहील. म्हणजे दार दिसतं, दाराची मूठ दिसत नाही. माझा चेहरा बघायचा तर ते माझ्या कानाकडे बघतात. कुणाला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली, लेकीलाही नाही. तिला वाटतं की बाबांना ऐकू कमी येतं. मार्करने लिहिलेली चिठ्ठी, त्या स्क्रूंच्या खाचा, तू ज्यांची गंमत केलीस ना, ते हे. मी त्या ओळी वाचून दाखवल्या नाहीत.

इंजिन त्यांनी बोटांनी केलंय. कानस, माप, छिद्रं, सगळं स्पर्शाने. बोटांना जे कळत नाही ते फक्त एक होतं. चांदीचा डाख देताना तांबं कधी लाल होतं ते डोळ्यालाच दिसतं. म्हणून मी शेजारी बसायचे. ते ज्वाळा धरायचे आणि विचारायचे, लाल? मी म्हणायचे, नाही अजून. लाल? नाही. लाल? हो. मग ते चांदीची तार लावायचे. सगळे सांधे असेच झाले.

तळाच्या चौकटीचा मागचा कोपरा सगळ्यात शेवटी होता. त्याला फार वेळ लागत होता. खालच्या बाई दार वाजवत होत्या, जावई लवकर घरी आला होता आणि आत उभा होता, आणि यांचा हात ज्वाळेची नळी धरून भरून आला होता. त्यांनी विचारलं, लाल? मला वाटलं, होईलच आता. मी हो म्हटलं. तांबं तपकिरी होतं, पंडित. तार वितळल्यासारखी दिसली, वर चकचकीत काहीतरी पसरलं. ते म्हणाले, आटोपलं, आणि किती तरी दिवसांनी हसले. मी गॅस बंद केला.

तू चाचणी घेईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तुझी ती ओळ मी त्यांना चार वेळा वाचून दाखवली ती त्यांच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त. मला त्यातलं कळत नाही, पण एवढं कळतं की एकशेसाठला धरलं म्हणजे सांधा बसलाय. एक्स-रेची फिल्म स्वच्छ आली की मी पुढच्या माणसाला आत घ्यायचे, तसं.

तरी एकदा मला लिही, त्या कोपऱ्याला काही नव्हतं म्हणून. म्हणजे मी रविवारी त्यांना त्या उशीवर बसलेलं नीट बघू शकेन. पत्र माझ्या नावाने पाठव.

ताई

२६ फेब्रुवारी

ताई,

तू मागितलेलं वाक्य मी लिहू शकत नाही.

माझ्याबद्दल जे खाली आहे ते भावोजींना जसंच्या तसं वाचून दाखव. तुझ्याबद्दलचं सांगायचं की नाही ते तुझ्यावर.

१० तारखेला मी दार लावून पंप मारला. काटा ऐंशीवर गेला, मग नव्वदवर. नव्वदला तळाच्या चौकटीच्या मागच्या कोपऱ्यात ओल दिसली. थेंब नव्हता, तांबं तेवढ्या जागी काळपट दिसत होतं इतकंच. मी ते बाहीने पुसलं. पुन्हा आलं. पुन्हा पुसलं आणि स्वतःला सांगितलं की पंपाच्या वॉशरमधून गळतंय. मग पंपाची मूठ खाली ठेवली, कागद ओढला आणि एकशेसाठ लिहिलं. काटा तिथे गेलेला मी पाहिलेला नाही. काटा हलला नाही असं जे पुढच्या पत्रात लिहिलं ते खरंच आहे. मी तो नव्वदच्या पुढे हलवलाच नव्हता.

मालक शेडबाहेर हवा. भावोजी आठ तासांवर होते आणि तरी पंप मारताना माझ्यासमोर उभे होते. वयाच्या बाविसाव्या वर्षी मला कानस कशी धरायची ते त्यांनी शिकवलं. त्यांच्या सांध्यावर मी बोट ठेवायचं, हे मला जमेना. महाविद्यालयात मी एकतीस वर्षं मुलांना सांगत आलोय की डोळ्यांनी पाहिलेलं हे सगळ्यात वरचं प्रमाण, ऐकलेलं त्याच्या खाली. त्या दिवशी मला डोळ्यांनी दिसत होतं आणि मी भावोजींच्या नावावर विश्वास ठेवला. तू निदान थकलेल्या माणसाकडे बघून चुकलीस. मी बंद दाराआड, सावकाश, खुर्चीत बसून चुकलो.

तुझं पत्र काल सकाळी आलं. मी लेक्चर सोडून शेडमध्ये गेलो, पत्रा काढला, पाणी भरलं. एकशेआठला टिचकीसारखा आवाज झाला आणि गार पाण्याची चिळकांडी माझ्या छातीवर आली. कोपऱ्यापासून दोन बोटं सांधा उघडला. आत, डाख देण्याआधी लावतात त्या टाकणखाराची पिवळी काच दिसत होती. चांदी आत उतरलीच नव्हती.

ओल्या सदऱ्यानेच मी हिशेब केला. दोन रविवार ते इंजिन चाललं. सतरा आणि एकोणीस, छत्तीस मुलं. तांब्याचा बॉयलर बॉम्बसारखा उडत नाही, हे खरं. पण तो सांधा विस्तव असताना सुटला असता तर वाफ आणि निखारे भट्टीच्या दारातून मागे आले असते. मागे चालवणारा बसतो, दार त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये असतं. येत्या रविवारी तिथे भावोजी बसणार होते, ज्यांना दार दिसतं आणि दाराची मूठ दिसत नाही.

मी कागद फाडला आणि अध्यक्षांना जाऊन सगळं सांगितलं. ते नव्या गुलाबी भिंतीला टेकून ऐकत होते. मला वाटलं की ओरडतील. ते हसले, हात खांद्यावर ठेवला आणि म्हणाले,

“अहो पंडितजी, एवढं काय मनाला लावून घेता? दोन रविवार चाललंच ना? दुसरा कागद करा, फेरा होऊन जाऊ दे, मग बघू. आपल्या आपल्यात असतं हे.”

तो घामट हात या वेळी मी झटकू शकलो नाही. इतकी वर्षं मी या माणसाकडे पाहून नाक मुरडत आलो, आणि त्यांनी मला पाहताक्षणी ओळखलं. तुला मी आजवर जितकी घाण लिहून पाठवली, तेलाची, बोटांची, च्युइंगगमची, ती सगळी एकत्र केली तरी त्या चार शब्दांएवढी शिसारी मला आली नव्हती. आपल्या आपल्यात.

मी दुसरा कागद केला नाही. इंजिन रविवारी चालणार नाही. पहिला फेरा कुणी मारायचा ते क्लबने ठरवावं. शोकेस धुराड्यातला कापूस काढून एखादं इंजिन पेटवणार असतील तर मी उभा राहून टाळ्या वाजवीन, आणि त्यांच्या बॉयलरची मला पूर्ण खात्री आहे.

हे पत्र आज रात्रीच्या बसने पाठवतोय, उद्या तुझ्या हातात पडेल. तुम्ही मात्र या. सोमवारी शेड रिकामी असते. तो कोपरा खरवडून, धुऊन पुन्हा झाळता येईल. हात भावोजींचे, डोळे माझे. लाल झाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, मग त्यांनी दहा वेळा विचारलं तरी चालेल. त्यांना दिसत नाही हे मला कळलंय, हे त्यांना कळू दे. त्यावरून ते माझ्यावर चिडतील. चिडू दे. तू आणि लेक सोबत आहात, आणि मलाही त्यांना बरंच काही ऐकवायचं आहे, स्क्रूंच्या खाचांबद्दल माफी मागण्यापासून.

आता जे लिहितोय ते कुणालाच सांगितलेलं नाही.

कालपासून मी या वर्षीचे कागद पुढ्यात घेऊन बसलोय. चौदा आहेत. भावोजींचा फाडला, म्हणजे तेरा. शोकेसचा, ब्रशवाल्याचा, आणखी तिघांचा, ज्यांचा मला राग येतो, त्यांच्या इंजिनांचं एकेक मिनिट मला आठवतं. काटा कुठे होता, कुठली नळी पाहिली, मालक बाहेर किती वैतागला, सगळं. उरलेले आठ माझे लोक आहेत. दातांचे डॉक्टर आहेत, ज्यांच्याशी मी रोज संध्याकाळी बोलतो. पोस्टमास्तर आहेत, ज्यांनी आपल्या आईच्या आजारपणात गाडी दिली. त्यांच्या कागदांवर माझ्याच अक्षरात एकशेसाठ लिहिलेलं आहे. उद्या सकाळी मी पंप घेऊन एकेकाच्या घरी जाणार आहे, कारण त्यांतली पाच इंजिनं रविवारी मुलांना ओढणार आहेत.

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करतो. त्यांनी शेडमध्ये माझ्याशेजारी बसून मारलेल्या गप्पा आठवतात, कोण काय म्हणालं ते आठवतं. काटा आठवत नाही, ताई. आठही वेळा आठवत नाही, आणि मला त्याची फार भीती वाटते.

पंडित